घरातील दिवे वीज किती घेतात: मोजणी, कारणे आणि योग्य बदल

अडगळीच्या खोलीत १०० वॅटचा जुना पिवळा बल्ब आहे आणि जिन्यात ९ वॅटचा एलईडी बल्ब आहे, असे धरू. यांतला जास्त वीज कोण खातो, असे विचारले तर बोट आपसूक १०० वॅटच्या बल्बकडे जाते. पण अडगळीच्या खोलीत दिवसाकाठी जेमतेम पाच मिनिटे दिवा लागतो आणि जिन्यातला रात्रभर, म्हणजे अकरा तास जळतो. महिन्याचा हिशेब मांडला तर अडगळीतला बल्ब पाव युनिट घेतो आणि जिन्यातला जवळजवळ तीन युनिट, म्हणजे सुमारे बारापट. हा हिशेब ज्याला मांडता येतो, त्याला कोणता दिवा आधी बदलावा आणि कोणता तसाच राहू द्यावा हे दुसऱ्या कोणाला विचारावे लागत नाही. म्हणून या लेखात आधी हिशेब, मग त्याची पडताळणी, मग त्यामागची कारणे आणि शेवटी प्रत्यक्ष बदल, असा क्रम ठेवला आहे.

पहिली पायरी: वॅट आणि युनिट वेगळे करणे

दिवा कोणत्याही क्षणी वीज किती वेगाने घेतो, त्याचे माप म्हणजे वॅट. नळाची धार किती जाड आहे तसे हे माप आहे. बादलीत किती पाणी जमले ते युनिट सांगते. १००० वॅटचे उपकरण एक तास चालले की एक युनिट होते. त्यामुळे सूत्र अगदी सोपे आहे: वॅटला रोजच्या तासांनी गुणावे, आलेल्या उत्तराला महिन्याच्या दिवसांनी गुणावे आणि १००० ने भागावे. ६० वॅटचा बल्ब रोज ५ तास लावला तर ६० गुणिले ५ गुणिले ३० म्हणजे ९०००, त्याला १००० ने भागले की ९ युनिट. त्याच जागी ९ वॅटचा एलईडी बल्ब तेवढेच तास जळला तर १.३५ युनिट.

प्रवाह जास्त म्हणजे युनिट जास्त, हा गैरसमज येथे दूर करावासा वाटतो. विजेचा दाब, म्हणजे व्होल्टेज, काही देशांत २३० व्होल्टच्या आसपास असतो तर काही ठिकाणी १२० च्या. ६० वॅटचा बल्ब २३० व्होल्टवर सुमारे ०.२६ अँपिअर प्रवाह घेतो आणि १२० व्होल्टसाठी बनवलेला ६० वॅटचा बल्ब ०.५ अँपिअर. प्रवाह दुप्पट झाला तरी युनिट तेवढीच पडतात, कारण अशा तारेच्या बल्बात दाब आणि प्रवाह यांचा गुणाकार म्हणजेच वॅट, आणि मीटर तेच धरते.

दुसरी पायरी: दिव्यांची यादी

कागद घेऊन घरभर एक फेरी मारावी आणि प्रत्येक दिव्यापुढे तीन गोष्टी लिहाव्यात: प्रकार, त्यावर छापलेले वॅट आणि रोजचे तास. तास लिहिताना प्रामाणिक राहणे सर्वांत अवघड असते. आपल्याला जो दिवा दिसतो त्याचे तास आपण वाढवून लिहितो आणि जो नजरेआड जळत राहतो त्याचे तास विसरतो. बाल्कनी, जिना, न्हाणीघर, देवापुढचा छोटा दिवा, कपाटातला दिवा हे यादीत सहसा शेवटी येतात आणि हिशेबात बऱ्याचदा वर चढतात. संशय असेल तेथे दोन दिवस घड्याळ पाहून वेळ टिपून ठेवावी.

तिसरी पायरी: मीटरकडून खात्री करून घेणे

यादीतले वॅट हे छापील वॅट आहेत. ते खरे आहेत की नाहीत हे घरचे मीटरच सांगू शकते. बहुतेक इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक लहान लाल दिवा लुकलुकत असतो आणि त्याच्याजवळ एका युनिटला किती लुकलुका होतात तो आकडा छापलेला असतो. १६०० आणि ३२०० हे नेहमी दिसणारे आकडे आहेत. ३२०० चे मीटर असेल तर ११२५ ला दोन लुकलुकांमधल्या सेकंदांनी भागावे, १६०० चे असेल तर २२५० ला भागावे; उत्तर थेट वॅटमध्ये येते.

मी हे पहिल्यांदा करून पाहिले ते एका जुन्या ४० वॅटच्या ट्यूबलाइटवर. फ्रिजसकट घरातले सगळे बंद केले, पाच मिनिटे मीटरसमोर थांबून तो लाल दिवा खरोखर शांत झाल्याची खात्री केली आणि मग फक्त ती एक ट्यूब लावली. दोन लुकलुकांमध्ये २२ सेकंद गेले. ११२५ भागिले २२ म्हणजे ५१ वॅट. ट्यूबवर तर ठळक अक्षरांत ४० छापलेले होते. वर चढून पट्टीतल्या चोकजवळ (ट्यूबचा प्रवाह आवरणाऱ्या भागाजवळ) हात नेला तेव्हा वरच्या ११ वॅटचा पत्ता लागला: तांब्याच्या तारेचा तो जड चोक चांगलाच तापला होता. ट्यूबवरचा आकडा फक्त ट्यूबचा असतो. तिच्याबरोबर चोक किती खातो ते कोणी छापत नाही.

ही मोजणी करताना एकाच लुकलुकीवर विसंबू नये. पाच लुकलुकांचा एकूण वेळ घेऊन त्याला पाचाने भागले की चूक बरीच कमी होते. ९ वॅटच्या एका बल्बला ३२०० च्या मीटरवर एका लुकलुकीसाठी सव्वादोन मिनिटांच्या जरा आत, म्हणजे १२५ सेकंद लागतात. अशा वेळी एकाच प्रकारचे चार-पाच दिवे एकदम लावून मोजणे सोयीचे ठरते.

चौथी पायरी: घेतलेली वीज जाते कोठे, हे समजून घेणे

हा भाग घाईने ओलांडू नये, कारण पुढचे सगळे निर्णय यावर उभे आहेत.

जुन्या पिवळ्या बल्बमध्ये टंगस्टनची अतिशय बारीक, दोनदा वळलेली तार असते. प्रवाह तिच्यातून जाताना तिला तापवतो आणि सुमारे २४०० ते २५०० अंश सेल्सिअसपर्यंत तापून ती उजेड देते. टंगस्टन ३४२२ अंशांना वितळते, म्हणूनच या कामासाठी ते निवडले गेले. पण इतक्या तापमानालाही तारेतून निघणाऱ्या ऊर्जेचा फार मोठा भाग डोळ्यांना न दिसणाऱ्या उष्ण किरणांत जातो. दिसणाऱ्या उजेडात रूपांतर होते ते पाच टक्क्यांच्या आसपास. हा बल्ब मुळात एक लहान शेगडी आहे आणि उजेड तिचे जोडउत्पन्न आहे, असे म्हटले तर ते अक्षरशः खरे आहे.

या तारेचा आणखी एक स्वभाव लक्षात घेण्याजोगा आहे. २३० व्होल्टवर चालणाऱ्या ६० वॅटच्या बल्बच्या तारेचा तापलेला रोध सुमारे ८८० ओम असतो, पण थंड असताना तो याच्या दहाव्या-पंधराव्या हिश्श्याइतकाच असतो. त्यामुळे बटण दाबताच क्षणभर नेहमीच्या दसपटीहून जास्त प्रवाह धावतो आणि झिजलेली तार नेमकी त्याच क्षणी तुटते. बल्ब जळता जळता न जाता लावताना का उडतो, त्याचे उत्तर येथे आहे. दाब कमी झाल्यावर हा बल्ब मंद होतो तेव्हा वीज वाचत असेल असे वाटते. पण दाब १० टक्क्यांनी घटला तर वीज साधारण १५ टक्क्यांनी कमी होते आणि उजेड मात्र ३० टक्क्यांनी. म्हणजे उरलेला उजेड आणखी महाग पडतो.

ट्यूबलाइटचे काम निराळ्या रीतीने चालते. तिच्यात कमी दाबाचा वायू आणि किंचित पारा असतो. पाऱ्याच्या वाफेतून वीज जाऊ लागली की अतिनील किरण निघतात आणि नळीच्या आतला पांढरा लेप ते शोषून दिसणारा उजेड देतो. अडचण अशी की वाफेतून वीज एकदा वाहू लागली की तिचा रोध घटत जातो आणि प्रवाह आवरला नाही तर तो वाढतच जाईल. चोकचे खरे काम त्याला आवर घालण्याचे आहे. स्टार्टरची पट्टी सुटताच चोक काही शे व्होल्टचा झटका देऊन ट्यूब पेटवतो आणि नंतर तोच प्रवाहाला लगाम घालून बसतो. ट्यूब पेटल्यावर स्टार्टरला काहीच काम उरत नाही. तो काढून घेतला तरी ती जळत राहते. ट्यूब लावताना भरमसाट वीज लागते, म्हणून ती चालूच ठेवलेली बरी, हा समज मात्र चुकीचा आहे. पेटण्यासाठी लागणारी जादा वीज ट्यूब काही सेकंद जळण्याइतकीच असते. वारंवार लावण्या-विझवण्याने ट्यूबचे आयुष्य कमी होते, टोके लवकर काळी पडतात, इतकेच त्यात तथ्य आहे. सीएफएल ही हीच ट्यूब; तिला पीळ घालून बुडात इलेक्ट्रॉनिक चोक बसवलेला असतो.

एलईडीमध्ये तापवणे नाही आणि वाफही नाही. अर्धवाहकाच्या दोन थरांच्या सीमेवर इलेक्ट्रॉन रिकाम्या जागांत उतरतात आणि उतरताना सोडलेली ऊर्जा थेट प्रकाश होऊन बाहेर येते. पांढऱ्या एलईडीचा कण खरे तर निळा उजेड देतो. त्यावरचा पिवळा लेप त्यातील काही भाग पिवळ्यात बदलतो आणि दोन्ही मिळून डोळ्यांना पांढरा दिसतो. हा निळा कण बनवणे इतके कठीण होते की ते साधल्याबद्दल इसामु आकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

एलईडी गरम होत नाही, असे जे सर्रास सांगितले जाते ते खरे नाही. एका वॅटला १०० लुमेन (लुमेन म्हणजे दिव्याने दिलेल्या उजेडाचे माप) देणारा बल्ब घेतलेल्या विजेपैकी सुमारे ३० टक्क्यांचाच उजेड करतो. उरलेली उष्णताच होते. फरक इतकाच की पिवळा बल्ब आपली उष्णता किरणांवाटे बाहेर फेकतो आणि एलईडीची उष्णता बुडातून वाट काढते. ती वाट बंद झाली तर आतील ड्रायव्हर भाजत राहतो. ड्रायव्हर म्हणजे घरातील उलटसुलट वाहणाऱ्या विजेचा सरळ आणि ठरावीक प्रवाह करणारे छोटे सर्किट. त्यातील कपॅसिटरचे आयुष्य दर १० अंश वाढीमागे साधारण निम्मे होते. म्हणून पूर्ण बंद काचेच्या गोळ्यात बसवलेला एलईडी बल्ब लवकर जातो आणि दोष मात्र सगळ्या एलईडींना मिळतो.

पाचवी पायरी: लुमेन पाहून निवड

वॅट म्हणजे दिवा काय घेतो; काय देतो ते लुमेन सांगते. ६० वॅटचा पिवळा बल्ब साधारण ७०० ते ८०० लुमेन देतो आणि ९ वॅटचा चांगला एलईडी ८०० ते ९००. म्हणून नवा दिवा घेताना वेष्टनावर आधी लुमेन शोधावे, मग त्याला वॅटने भागावे. उत्तर ९० च्या खाली आले तर तो एलईडी सामान्य प्रतीचा समजावा. १०० च्या वर आले तर चांगला.

खोलीला किती लुमेन हवे, याचा अंदाजही मांडता येतो. एका चौरस मीटरवर एक लुमेन पडला की त्याला एक लक्स म्हणतात. बसण्या-उठण्याच्या खोलीला १०० ते १५० लक्स पुरतात, वाचनाला ३०० ते ५०० लागतात. ३ मीटर रुंद आणि ४ मीटर लांब खोली म्हणजे १२ चौरस मीटर; १०० लक्ससाठी १२०० लुमेन जमिनीपर्यंत पोचले पाहिजेत. भिंती, छत आणि झाकण यांत साधारण निम्मा उजेड जिरतो असे धरले तर २४०० लुमेन लागतील, म्हणजे २० वॅटची एक चांगली एलईडी ट्यूब आणि तिच्या जोडीला एक लहान बल्ब. भिंती गडद असतील तर हा आकडा वाढवावा लागतो. उजळ रंगाचे छत आणि पुसलेले झाकण यांनी मिळणारा उजेड कोणत्याही नव्या दिव्यापेक्षा स्वस्त असतो.

वाचनासाठी अख्खी खोली ५०० लक्सने उजळवणे मला उधळपट्टी वाटते. लहान दिव्याचे अंतर निम्मे केले की त्याखाली पडणारा उजेड चौपट होतो. छतावरच्या दोन ट्यूबा जे करू शकत नाहीत ते टेबलावरचा ५ वॅटचा दिवा सहज करतो.

उजेडाचा रंग केल्व्हिनमध्ये दिलेला असतो. २७०० म्हणजे पिवळसर, ४००० मधला, ६५०० म्हणजे निळसर पांढरा. विजेच्या हिशेबात यामुळे फारसा फरक पडत नाही, तेव्हा रंग डोळ्यांना रुचेल तो घ्यावा. बल्ब झगमगतो का, हे मात्र तपासावे: मोबाइलचा कॅमेरा जळत्या दिव्याकडे धरला आणि पडद्यावर काळे पट्टे सरकताना दिसले, तर ड्रायव्हर हलक्या प्रतीचा आहे.

सहावी पायरी: प्रत्यक्ष बदल

यादीत प्रत्येक दिव्यापुढे महिन्याचे युनिट लिहून झाले की सर्वांत मोठ्या आकड्यापासून सुरुवात करावी. ५२ वॅट घेणारी जुनी ट्यूब रोज ६ तास चालत असेल तर तिचे ९ युनिटांहून अधिक होतात. २० वॅटच्या एलईडी ट्यूबचे ३.६. अडगळीच्या खोलीतला पाव युनिटवाला बल्ब उडेपर्यंत खुशाल राहू द्यावा.

काम सुरू करण्यापूर्वी फक्त बटण बंद करून थांबू नये. बटण उलट्या तारेवर, म्हणजे न्यूट्रलवर बसवलेले असेल तर दिवा विझतो पण होल्डरमध्ये फेज, म्हणजे वीज आणणारी तार, जिवंतच राहते. म्हणून त्या भागाचा एमसीबी किंवा मेन स्विच पाडावा, टेस्टर आधी चालू जागी लावून तो चालतो याची खात्री करावी आणि मगच होल्डरला लावून पाहावा. पिवळा बल्ब विझवल्यावर दहा मिनिटे थांबावे. होल्डर किंवा झुंबरावर जास्तीत जास्त वॅटचा आकडा दिलेला असेल तर तो ओलांडू नये. तो आकडा उजेडासाठी नसून होल्डर आणि वायरचे आवरण किती उष्णता सोसेल त्याचा आहे.

जुन्या पट्टीत एलईडी ट्यूब बसवताना सर्वाधिक चुका होतात. काही ट्यूबांना वीज एकाच टोकाच्या दोन पिनांना द्यायची असते, काहींना दोन्ही टोकांना, तर काही चोकसकट चालतात. ट्यूबबरोबर आलेली आकृती पाहिल्याशिवाय जोडणी केली तर शॉर्टसर्किट होऊ शकते. चोक आणि स्टार्टर काढून थेट जोडणी करायची असेल आणि वायरिंगचा सराव नसेल, तर हे काम वायरमनकडूनच करून घ्यावे.

काढलेल्या ट्यूबा आणि सीएफएल कचऱ्यात टाकू नयेत, कारण त्यांत पारा असतो. एखादी फुटलीच तर खिडक्या उघडून दहा-पंधरा मिनिटे खोलीबाहेर थांबावे, केरसुणी न वापरता तुकडे जाड कागदाने गोळा करावेत, बारीक कण चिकटपट्टीने टिपावेत आणि सर्व काही झाकणाच्या बरणीत बंद करावे.

सातवी पायरी: लहान गळत्या

ज्याला सगळे झिरोचा बल्ब म्हणतात, तो जुना तारेचा बल्ब प्रत्यक्षात १२ ते १५ वॅट घेतो. १५ वॅटचा असा बल्ब रोज रात्री १० तास जळला तर महिन्याला साडेचार युनिट होतात. अर्ध्या वॅटचा एलईडी तेच काम ०.१५ युनिटात करतो. मोबाइलवरून चालणारे दिवे विझलेले असतानाही आदेशाची वाट पाहत थोडी वीज घेत राहतात. अर्धा वॅट घेणारा असा ९ वॅटचा बल्ब रोज एकच तास लावत असाल, तर जळण्यापेक्षा वाट पाहण्यातच त्याची जास्त वीज जाते: ०.२७ युनिट जळण्यात आणि ०.३४ च्या वर वाट पाहण्यात.

बटण बंद केल्यावरही एलईडी मिणमिणत असेल तर घाबरून जाऊ नये. बटणातला छोटा खूणदिवा, शेजारून धावणारी वायर किंवा न्यूट्रलवर बसवलेले बटण यांतून झिरपणारा अत्यल्प प्रवाह त्याला पुरतो. वीज नगण्य जाते. पण न्यूट्रलवरच्या बटणाचे कारण निघाले तर ते दुरुस्त करून घेणे सुरक्षेसाठी आवश्यक आहे. डिमरवर, म्हणजे उजेड कमी-जास्त करणाऱ्या बटणावर, डिमरसाठी चालतो असे लिहिलेलाच एलईडी लावावा, नाहीतर तो फडफडतो, गुणगुणतो आणि लवकर जातो.

पॉवर फॅक्टरबद्दल, म्हणजे दाब आणि प्रवाह यांच्या गुणाकारातला किती हिस्सा खऱ्या वॅटचा असतो त्याबद्दल, थोडक्यात सांगतो. स्वस्त ९ वॅटच्या बल्बचा पॉवर फॅक्टर ०.५ असेल तर तो प्रवाह १८ वॅटच्या दिव्याइतका घेतो. घरगुती मीटर साधारणपणे खरे वॅटच मोजते, त्यामुळे युनिट वाढत नाहीत. मात्र घरी इन्व्हर्टर असेल तर त्याची क्षमता ठरवताना हा दुप्पट आकडा धरावा.

बदलानंतर

सर्व दिवे बदलून झाले की पुन्हा मीटरसमोर उभे राहून तीच मोजणी करावी आणि यादीतल्या जुन्या आकड्याशेजारी नवा आकडा लिहावा. प्रत्येक नव्या बल्बच्या बुडावर पक्क्या शाईने बसवल्याची तारीख घालावी. १५,००० तासांचा बल्ब रोज ५ तास जळला तर आठ वर्षांहून अधिक टिकायला हवा. एकाच होल्डरमधले दोन बल्ब वर्षाच्या आत गेले तर तिसरा आणण्याआधी होल्डर उघडून पाहावा: पितळी जिभा काळ्या पडल्या आहेत का, स्क्रू सैल आहे का, वायरचे आवरण कडक होऊन तडकले आहे का आणि झाकणात हवेला वाट आहे का.